ट्रॉलीची खांदशेकणी (हब, बेअरिंग, पाटे, हूक, सगळं इथेच बोला)

बहारवाला | रविवार, सकाळी 11:40

राम राम मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो, आज स्वतःची फजिती सांगायला धागा काढतोय.

आमची संत्र्याची बाग काटोल तालुक्यात. सध्या अंबिया बहाराचा माल निघतोय. गुरुवारी ठरलेला पिकअपवाला ऐन वेळी आलाच नाही, फोन बंद. माल तोडून क्रेटमध्ये भरलेला आणि पहाटेच्या हर्रासाला (लिलावाला) नागपूरच्या कळमना बाजारात पोचायचं होतं. म्हटलं दारात ट्रॅक्टर आहे, दोनचाकी टिपिंग ट्रॉली आहे, साठ किलोमीटर तर जायचंय. रात्री दहाला मी आणि आमचा ड्रायव्हर निघालो.

फेटरीच्या अलीकडे एक मोटरसायकलवाला शेजारून ओरडत गेला, "भाऊ, चाकातून धूर निघून राहिला!" उतरून पाहिलं तर उजवं चाक वरच्या बाजूनं आत कललेलं, हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) टोपीवरचा रंग फुगून पापुद्रे सुटलेले. मी गाढवासारखं बोट लावलं. फोड अजून आहे. बाकीची रात्र रस्त्याच्या कडेला क्रेटवर बसून काढली. सकाळी दुसरी गाडी बोलावून माल हलवला, पण कळमन्यात पोचेस्तोवर हर्रास उठत आला होता. भाव काय मिळाला ते विचारू नका. बाबांनी विचारलं तेवढं पुरे.

आता मला छळणारी गोष्ट. मी या ट्रॉलीकडे दुर्लक्ष केलं असतं तर गप्प बसलो असतो. पण दर दोन महिन्यांनी मी स्वतः ग्रीसगन घेऊन हबच्या निप्पलमध्ये (ग्रीस भरायच्या तोंडात) ग्रीस मारतो, मागून बाहेर येईपर्यंत. मग बेअरिंग गेलंच कसं?

तर्रीदार | रविवार, दुपारी 12:15

वाईट वाटलं भाऊ. पन बोट लावाले कोनं सांगतलं होतं? हबवर थुका टाकून पायची असते. चर्र झालं का समजाचं, आता चूप बसून राहा अन् चाक थंडं होऊ द्या.

माह्या मते लोड जास्त झाला. किती टन होता?

बहारवाला | रविवार, दुपारी 12:40

तीन टनाच्या आत. याच ट्रॉलीत शेणखत यापेक्षा जास्त भरतो आम्ही.

कळमना_पहाट | रविवार, दुपारी 1:05

मी बाजारात अडतीवर लिहिण्याचं काम करतो, रोज पहाटे दारातून आत येणाऱ्या गाड्या बघतो. तीन टन जास्त नाही. पण माल भरला कसा होता? दोनचाकी ट्रॉलीत वजन एक्सलच्या जरा पुढे पाहिजे. लोक घाईत मागून भरत येतात, पुढचा भाग रिकामा राहतो आणि मग हूक वर उचलू पाहतो. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचं वजन कमी होतं, ओल्या रस्त्यावर चाक घसरतं. फारच पुढे भरलं तर उलटं, चढावर ट्रॅक्टरचं तोंड हलकं पडतं आणि स्टेअरिंग ऐकत नाही.

तुमच्या बेअरिंगचा याच्याशी संबंध नसेल कदाचित. राहवलं नाही म्हणून लिहिलं.

मुंबईकर पाहुणा | रविवार, दुपारी 2:30

मी 'खांदशेकणी' वाचून पाककृतीचा धागा समजून आत आलो. म्हणजे काय ते तरी सांगा.

बहारवाला | रविवार, दुपारी 3:00

पाहुणे, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना आंघोळ घालून त्यांचे खांदे तूप-हळद लावून शेकतात, मळतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले असतात. मग त्यांना सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आमच्या घरचे बैल गेले त्याला पुष्कळ वर्षं झाली. ओझं आता ट्रॉली वाहते, तिचा खांदा कोणी शेकत नाही, म्हणून शीर्षक तसं सुचलं.

जुना फोरमन | रविवार, रात्री 8:10

बहारवाले, मी एसटीच्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झालो. हयात चाकाच्या हबमध्ये हात घालण्यात गेली म्हणून विचारतो, तीन प्रश्नांची उत्तरं द्या.

एक, शेताच्या वाटेवर नाला किंवा ओढा आहे का आणि ट्रॉली त्यातून जाते का? दोन, ग्रीस कोणतं वापरता, डब्यावर काय लिहिलंय? तीन, ऑइल सील (ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणारी रबरी कडी) शेवटचं कधी बदललं? आणि हबचा आतल्या बाजूचा, म्हणजे पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) बाजूचा, फोटो टाका.

बहारवाला | रविवार, रात्री 8:45

काका, नाला आहे. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत चाकं अर्धी बुडतात. ग्रीस गावातल्या दुकानातलं, पिवळं, सुटं, पन्नीत बांधून मिळतं. डबा कधी पाहिलाच नाही. आणि सील असतं हे मला आत्ता तुमच्याकडून कळतंय.

फोटो टाकलाय.

जुना फोरमन | रविवार, रात्री 9:50

फोटोत सगळं दिसलं. रिमच्या आतून ग्रीसचे ओघळ आलेत, त्यावर चिखल बसून पापडी झाली आहे. सीलचा रबरी ओठ बाहेरच्या बाजूला उलटलाय. ते काम तुमच्या ग्रीसगननं केलं.

रागावू नका, समजावून सांगतो. हबमध्ये दोन टेपर रोलर (निमुळत्या रोलरची) बेअरिंग असतात, आत मोठं, बाहेर लहान. निप्पल दोघांच्या मधे. तुम्ही दाबानं ग्रीस मारलं की मधली पोकळी भरते आणि पुढे ग्रीस सोपी वाट शोधतं. ती वाट सीलची. मागून बाहेर आलं म्हणजे हब भरलं असं तुम्हाला वाटलं, प्रत्यक्षात तुम्ही सील फाडून दार उघडं केलंत. बाहेरच्या लहान बेअरिंगपर्यंत नवं ग्रीस पोचलंच असेल याची खात्री नाही. शिवाय हब ठासून भरलं की फिरणारे रोलर ते ग्रीस घुसळत बसतात आणि त्यानंच उष्णता वाढते. मधली पोकळी अर्धीच्या आसपास रिकामी राहिली पाहिजे.

आता नाला. शेतातून भरून आलेल्या ट्रॉलीचा हब गरम. तो थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं, सोबत गाळ आणि रेती. हे रोज दोनदा.

तिसरं, ते पन्नीतलं ग्रीस. पिवळं म्हणजे अमुक असं रंगावरून सांगता येत नाही, रंग कंपनी घालते. पण सुटं स्वस्त मिळतं ते बहुधा साधं कॅल्शियमचं असतं. त्याला पाणी चालतं, ताप चालत नाही. साठ-सत्तर अंशांपुढे ते फुटतं, तेल वेगळं आणि साबण वेगळा. पाट्यांच्या पिनांना, फाळक्याच्या (मागच्या झडपेच्या) बिजागऱ्यांना खुशाल लावा. चाकाच्या बेअरिंगला लिथियमचं पाहिजे. दुकानात 'एपी थ्री' किंवा 'व्हील बेअरिंग ग्रीस' म्हणून बंद डब्यात मागा.

शेत ते गाव तीन-चार किलोमीटरात हे दुखणं झाकलेलं राहतं, हब जळण्याइतका तापायच्या आत तुम्ही घरी. साठ किलोमीटर सलग चालवल्यावर ते बाहेर पडलं.

तर्रीदार | रविवार, रात्री 10:05

काका, साष्टांग नमस्कार. मी बी मागून बाहेर येईपर्यंतच मारत होतो. आता झोप नाई लागत.

दूरदेशी | सोमवार, सकाळी 7:20

मूळ नागपूर, सध्या टेक्सास. आमच्याकडे बोटीचा ट्रेलर आहे आणि काकांनी नाल्याचं जे सांगितलं ते इथे प्रत्येक बोटवाला एकदा तरी पैसे घालवून शिकतो. तळ्यावर पोचायचं, हायवेवरून आलेला तापलेला हब तसाच उतारावरून पाण्यात घालायचा, आणि दोन मोसमांत बेअरिंग गंजून बसतं. म्हणून तळ्यावर गेल्यावर आधी चहाबिहा पिऊन हब हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. आमच्या हबला स्प्रिंगवाली टोपी असते, आतल्या ग्रीसवर हलका दाब ठेवते म्हणजे पाणी आत शिरत नाही. पण तीही जास्त भरली की सील फाटतं, तेच दुखणं.

अवांतर: इथे हुकाशिवाय दोन सुरक्षा साखळ्या लागतात, ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या दांड्याखालून एकमेकींना फुली मारून लावायच्या. हूक निसटला तर दांडा जमिनीत न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडतो. आपल्याकडच्या ट्रॉल्यांना साखळी पाहिल्याचं आठवत नाही.

तर्रीदार | सोमवार, सकाळी 8:00

ताई, साखळी सोडा, आमच्या गावात हुकाची पिन बी धड नसते. सळईचा तुकडा टाकतेत अन् वरून तार गुंडाळतेत. खड्ड्यात गेलं का सळई उडून वर येते. पिन टाकाची तर टोपीची, अन् खालून लॉक लावलेली. माह्याजवळ दोन हायेत, एक टूलबॉक्समंधी अन् एक घरी लपवून, काऊन का शेजारी मागाले आला का वापस देत नाई.

सरळसोट | सोमवार, सकाळी 10:30

एवढा व्याप कशाला? गॅरेजला टाका, संध्याकाळी तयार. शेतकऱ्यानं शेती करावी, मेकॅनिकनं मेकॅनिकी.

बहारवाला | सोमवार, दुपारी 1:10

सरळसोट, दोन वर्षांपूर्वी तेच केलं होतं. नाव घेत नाही, पण त्या मिस्त्रीनं नवं बेअरिंग घातलं म्हणून पूर्ण पैसे घेतले. आज सकाळी उजवा हब उघडल्यावर कळलं की आतला रोलरवाला भाग नवा आणि बाहेरची वाटी (रोलर जिच्यात फिरतात ती कडी) जुनीच, खड्डे पडलेली. मला यातलं काहीच कळत नव्हतं म्हणून त्यानं ते केलं. आता निदान उघडून बघायला तरी शिकणार.

काका, उजव्याचं काम झालं. येत्या रविवारी डावा मी स्वतः उघडतोय.

जुना फोरमन | सोमवार, दुपारी 2:00

उघडा. आधी एवढं ऐका: ट्रॉली रिकामी, सपाट कठीण जमीन, ट्रॅक्टर जोडलेला, गिअरमध्ये आणि हँडब्रेकवर. दुसऱ्या चाकाला पुढून-मागून दगड. जॅक एक्सलखाली, आणि जॅकवर भरवसा न ठेवता शेजारी स्टँड किंवा लाकडाचे जाड ठोकळे. चाकाचे नट जमिनीवर असतानाच सैल करा, वर उचलल्यावर जोर लावू नका.

बहारवाला | पुढचा रविवार, सायंकाळी 6:30

उघडला. मंडळी, जे दिसलं ते सविस्तर लिहितो, कारण हे चाक "चांगलं" होतं. फिरत होतं, आवाज नव्हता, मी याच्यावर अजून एक बहार काढला असता.

टोपी हातोडीनं गोल-गोल टिचकत काढली. आत पिवळं ग्रीस नव्हतंच. चहात बुडून तळाला गेलेल्या बिस्किटासारखा तपकिरी लगदा, वर पाण्याचे थेंब. नटाच्या खाचेत नट अडवणारी स्प्लिट पिन असायला हवी तिथे चपलेला मारतात तसला खिळा वाकवून घातलेला. खिळा ओढला तर हातातच तुटला. दोन वर्षं माझं चाक त्या खिळ्यावर होतं.

नट काढून हब हलवला तशी बाहेरचं बेअरिंग आपसूक पुढे आलं. आईची जुनी परात मागितली (परत मिळणार नाही या अटीवर), रॉकेल ओतलं आणि त्यात बेअरिंग धुतलं. तळाला काळी बारीक रेती बसली. चिमटीत घेऊन पाहिली, आमच्याच नाल्याची, अभ्रकासारखी चमकणारी. रोलर जांभळट-निळे पडलेले. काकांनी फोनवर सांगितलं होतं त्याप्रमाणे वाटीच्या आतून नख फिरवलं. दोन ठिकाणी नख अडकलं. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं, चष्मा लावून पाहिलं तेव्हा टाचणीच्या टोकाएवढे खड्डे.

बाबा खाटेवर बसून बघत होते. म्हणाले, "बैलबंडीच्या आखाले आम्ही दर फेरीले वंगण लावत होतो. नळकांडं बंडीखालीच टांगलं राहे." एवढंच बोलून पुन्हा पेपर वाचायला लागले.

काका, निळं पडलेलं धुऊन वापरता येईल का? आणि नवं कुठून, कोणतं आणू?

जुना फोरमन | पुढचा रविवार, रात्री 8:00

निळं पडलं म्हणजे पोलादाचा कठीणपणा गेला. फेकून द्या. नख अडकलं तिथे वादच नाही. आणि वाटीसह पूर्ण जोड बदला, तुमच्या त्या मिस्त्रीसारखं अर्धं नको. रोलर आणि वाटी एकमेकांवर बसून घासलेले असतात, जुन्या वाटीत नवे रोलर टिकत नाहीत.

बेअरिंगच्या कडेवर आकडा कोरलेला असतो, कापडानं पुसून वाचा. टेपर रोलरचा आकडा बहुधा 3 नं सुरू होतो. 30208 असेल तर शेवटचे दोन आकडे, म्हणजे 08, गुणिले 5. भोक 40 मिलिमीटरचं. दुकानदारानं चुकून दुसरं दिलं तर काउंटरवरच कळतं. सील मात्र आकड्यावर विसंबून घेऊ नका, जुनं फाटकं सोबत न्या. एक्सलवर सीलचा ओठ जिथे बसतो तिथेही नख फिरवा. खोबण पडली असेल तर नवं सीलसुद्धा गळणार, आधी तेवढी जागा टर्नरकडून करून घ्या.

जुनी वाटी हबमधून काढताना पितळेचा पंच, समोरासमोर एकेक ठोका, म्हणजे तिरपी होऊन अडकत नाही. नवी बसवताना जुनीच वाटी उपयोगी येते. तिची बाहेरची कड ग्राइंडरनं किंचित घासा, नवीच्या पाठीवर ठेवा आणि तिच्यावर हातोडी मारा. नव्या पोलादाला हातोडी लागता कामा नये.

ग्रीस भरायचं हातानं. डाव्या तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्या, बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत ओढा, वरून रोलरच्या फटींतून ग्रीसचे किडे बाहेर येईपर्यंत. मग थोडं फिरवून पुन्हा. एका बेअरिंगला पाच मिनिटं लागतात आणि त्याला पर्याय नाही. जुनं ग्रीस रॉकेलनं पूर्ण काढा, जुन्या-नव्याची खिचडी नको. आणि कंप्रेसरची हवा मारून कोरडं बेअरिंग भिंगरीसारखं फिरवायचा मोह होतो, तो आवरा.

शेवटी नट. चाक हातानं फिरवत नट आवळा, चाक जड होईपर्यंत. मग एक षष्ठांश ते पाव फेरा सैल करा, जवळची खाच जुळवा, नवी स्प्लिट पिन घाला. टायर वर-खाली धरून हलवा, अगदी नखभर जाणवेल इतकाच खेळ हवा. घट्ट आवळून ठेवणारे लोक सैल ठेवणाऱ्यांपेक्षा जास्त बेअरिंग जाळतात.

तर्रीदार | पुढचा रविवार, रात्री 8:20

वाखुसा (वाचनखूण साठवली). प्रिंट काढून शेडमंधी लावतो.

मिरचीवाली | सोमवार, दुपारी 12:50

मी भिवापूरकडची. सगळे चाकावर बोलत आहेत, मला डाल्याबद्दल, म्हणजे ट्रॉलीच्या माल भरायच्या पेटीबद्दल, सांगायचं आहे.

आमच्या टिपिंग ट्रॉलीचा जॅक हळूहळू बसत होता. वर उचललेलं डालं दहा मिनिटांत वीतभर खाली. तेल कुठून गळतं ते बघायला माझे दीर उचललेल्या डाल्याखाली वाकले. मी मिरच्या वाळत घालत होते. का कोण जाणे, त्यांना हाक मारली, ते वळून बाहेर आले आणि पाइपचा जोड सुटला. डालं आदळलं तो आवाज मी विसरू शकत नाही. मिरच्यांवरचे कावळे उडून गेले आणि मग बराच वेळ कोणीच काही बोललं नाही.

आता आमच्याकडे लोखंडी टेका आहे, डाल्याला बिजागरीनं कायमचा जोडलेला. डालं वर गेलं की टेका उभा केल्याशिवाय खाली कोणी जात नाही. चिमणी सुद्धा नाही.

जुना फोरमन | सोमवार, दुपारी 3:15

मिरचीवाली ताई, या धाग्यातला सगळ्यांत महत्त्वाचा प्रतिसाद तुमचा. भर एवढीच घालतो: दाबाखालच्या पाइपवर हात फिरवून गळती शोधू नका. सुईएवढ्या छिद्रातून येणारी तेलाची धार कातडीत शिरते आणि बाहेरून फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं. पुठ्ठ्याचा तुकडा धरून फिरवा, त्यावर डाग पडतो. आणि डालं उचलण्याआधी वर मान करून विजेच्या तारा बघा.

कळमना_पहाट | सोमवार, सायंकाळी 5:00

मागच्या दिव्यांबद्दल बोला कोणीतरी. थंडीत पहाटे धुकं असतं आणि ट्रॉली अंधारात फक्त एक काळा ठोकळा. कापसाच्या ट्रॉलीचं तर विचारूच नका, ताडपत्रीची झालर दिव्यांवरून गुडघ्यापर्यंत लोंबते. लाल रेडियम पट्टी फाळक्यावर आणि दोन्ही कोपऱ्यांवर लावा, महिन्यातून एकदा ओल्या फडक्यानं पुसा. चिखल बसलेलं रेडियम असून नसल्यासारखं.

तर्रीदार | सोमवार, सायंकाळी 5:40

दिव्याची वायर उंदीर खातेत. माही तीनदा खाल्ली. आता जाड पाइपातून नेली अन् सात पिनाच्या सॉकेटले टोपी लावली. अन् कापूसवाल्यांनो, हबाचा धूर तुमच्यासाठी गंमत नाई. वर कापूस हाय.

नवा नांगर | बुधवार, रात्री 9:00

पहिलाच प्रतिसाद, चुकलं तर सांभाळून घ्या. सेकंडहँड ट्रॉली घ्यायची आहे, सावनेरला पाहिली. नवा रंग मारलेला आहे, छान दिसते. काय बघू?

जुना फोरमन | बुधवार, रात्री 9:40

नवा रंग असेल तर रंगाखाली बघा. दांडा चेसीला जिथे जोडला आहे तिथले वेल्डिंग, आणि पाट्यांचे हँगर. तडा डोळ्यांना दिसत नाही, त्यावर वर्कशॉपमधला जुना उपाय सांगतो. रंग थोडा खरवडून जागा घासा, रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा आणि वरून खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळसर रेघ उमटते. विकणारा असं करू देत नसेल तर तेही उत्तरच आहे.

पाट्यांत एखादं पान तुटलेलं आहे का, यू-बोल्ट सैल आहेत का बघा. सैल यू-बोल्टच्या शेजारी गंजाची लाल पूड दिसते. टायर बघताना नक्षीवर जाऊ नका. कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2316 म्हणजे 2016 सालचा तेविसावा आठवडा. आपल्या उन्हात उभ्या ट्रॉलीचं रबर न चालताच मरतं, कडेला केसासारख्या भेगा दिसल्या की टायर बदलायच्या हिशेबात धरा. चाक एकदा काढून लावलं की पन्नासेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे, हे नव्या-जुन्या सगळ्यांना.

आणि ट्रॉलीला स्वतःची नोंदणी असते, ट्रॅक्टरचे कागद दाखवून भागत नाही. आपल्याकडे नागपूर ग्रामीणचा एमएच-40. कागद बघितल्याशिवाय इसार देऊ नका.

सरळसोट | बुधवार, रात्री 10:10

ब्रेकचं काय? ट्रॉलीला ब्रेकच नसतात हे कोणी बोलतच नाही.

जुना फोरमन | बुधवार, रात्री 10:45

बरोबर विचारलंत. बहुतेक साध्या ट्रॉल्यांना नसतात, म्हणजे सगळं ओझं ट्रॅक्टरच्या ब्रेकवर. शेतात वळायला सोयीचं म्हणून डावा-उजवा ब्रेक वेगळा असतो. रस्त्यावर येताना दोन्ही पेडल जोडणारी पट्टी लावायची. एकाच बाजूचा ब्रेक लागला तर मागचं ओझं ट्रॅक्टरला आडवं फिरवतं. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्यांना मी हात जोडतो.

बहारवाला | शुक्रवार, रात्री 9:15

दोन्ही चाकं झाली. सीलची किंमत ऐकून हसावं की रडावं कळेना, दोन प्लेट तर्री-पोह्यांएवढी. त्यापायी अख्खा हर्रास घालवला. निप्पल काढून त्या जागी बोल्ट लावलाय, म्हणजे मलाच पुन्हा मोह नको.

बहारवाला | नऊ महिन्यांनी, रविवार, दुपारी 4:20

धागा वर काढतोय. उद्या पोळा, आज खांदशेकणी.

गेल्या हंगामात ट्रॉली दोनदा कळमन्याला जाऊन आली. दर पंधरा-वीस किलोमीटरला थांबून हबजवळ हाताची पाठ नेऊन बघतो. बोट नाही, शिकलोय. दोन्ही सारखे कोमट लागले की पुढे. आज सकाळी दोन्ही हब उघडले. ग्रीस स्वच्छ होतं, पण उजव्यात जरासं दुधाळ, म्हणजे पावसाळ्यात थोडं पाणी गेलंच. सील बदललं, नव्यानं भरलं. खताच्या हंगामात डाल्यात युरिया सांडून कोपरे खायला लागला होता, तिथे घासून रेड ऑक्साइड मारला आणि तळाला पाणी निघायला दोन भोकं पाडली.

काम चालू असताना बाबा आले. हातात वाटी. मला वाटलं चहा. वाटीत तूप-हळद होती. दांड्याच्या कड्याला, जिथे हूक बसतो तिथे, बोटानं लावली आणि काहीतरी पुटपुटले. आवतनाचंच असावं. हसायचं धाडस मला झालं नाही.

तर्रीदार | नऊ महिन्यांनी, रविवार, सायंकाळी 5:00

बाबांना नमस्कार सांगा. पन कड्याले तुपावर ग्रीस बी लावजा, नाई तर मुंग्या येतीन. बाकी परवा मारबतीची मिरवणूक हाय, गावची इडापिडा घेऊन जाते थे, म्हणून पन्नीतलं ग्रीस घेऊन जा गे मारबत!

नवा नांगर | नऊ महिन्यांनी, रविवार, रात्री 8:30

काका, ती सावनेरची सोडली, खडूवर रेघ आली होती. मग मौद्याकडून दुसरी घेतली. आज डावा हब उघडलाय. नट सैल करतोय तसा घट्ट होतोय. उलट्या आट्याचा असेल का?

जुना फोरमन | नऊ महिन्यांनी, रविवार, रात्री 8:40

जोर लावू नका, थांबा. नटाचा जवळून फोटो टाका.